इंग्रजीत विशेषणापुढे ‘दॅट’ येतं तेव्हा: नाशिकच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवर संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या वर्गात सगळ्या तऱ्हेची मंडळी येतात. बारावीची मुलं, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले सुपरवायझर, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्यांकडे कागदपत्रं सांभाळणारे, नर्सिंग झालेल्या आणि बाहेर जायची तयारी करणाऱ्या मुली. प्रत्येकाची गरज निराळी, पण ‘दॅट’ आलं की सगळे अडतात त्याच चार-दोन जागांवर. त्या जागांवरचे प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती नुसती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा.

ही रचना म्हणजे नेमकं काय?

दोन वाक्यं बघा. ‘आय ॲम शुअर दॅट द बस हॅज लेफ्ट.’ ‘इट इज क्लिअर दॅट द बस हॅज लेफ्ट.’ पहिल्यात ‘शुअर’ हे विशेषण, दुसऱ्यात ‘क्लिअर’. दोन्हींत ‘दॅट’च्या पुढे अख्खं वाक्य आहे, त्याचा स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद आहे. ‘दॅट’पर्यंतचा भाग बोटाने झाकला तरी ‘द बस हॅज लेफ्ट’ आपल्या पायावर उभं राहतं.

मराठी व्याकरणात ज्याला आपण मिश्र वाक्य म्हणतो ते हेच. प्रधान वाक्यात विशेषण आणि त्याला जोडून एक गौण वाक्य. शाळेच्या हिशेबाने ते गौण वाक्य म्हणजे नामवाक्य. विशेषणाला चिकटलंय म्हणून त्याला विशेषणवाक्य म्हणू नका. तो प्रकार वेगळा आहे, खाली येईलच.

‘आय ॲम’ने सुरुवात कधी करायची आणि ‘इट इज’ने कधी?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. याचं उत्तर पक्कं झालं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. आधी ठरवायचं एवढंच, की विशेषण कुणाबद्दल बोलतंय? माणसाच्या मनाबद्दल, की घडलेल्या गोष्टीबद्दल?

मराठी माणसाची पंचाईत इथे होते, कारण मनातल्या गोष्टी सांगायची आपली पद्धतच निराळी. मला खात्री आहे, मला आनंद झाला, मला भीती वाटते, मला अभिमान आहे, मला आश्चर्य वाटलं. खात्री, आनंद, भीती ही सगळी नामं, आणि ज्याला ते वाटतं तो माणूस ‘मला’, ‘त्याला’, ‘आईला’ असा चतुर्थीत. इंग्रजी त्याच माणसाला सरळ कर्त्याच्या जागी बसवते आणि खात्रीचं, आनंदाचं विशेषण करून टाकते: ‘आय ॲम शुअर’, ‘ही इज अफ्रेड’, ‘माय मदर इज प्राउड’. ‘आय हॅव प्राउड दॅट’ किंवा ‘देअर इज हॅपी टू मी दॅट’ अशी वाक्यं वहीत दिसतात ती ‘मला’चा शब्दशः हिशेब लावल्यामुळे.

दुसरा गट ‘हे’चा. हे उघड आहे, हे खरं आहे, हे शक्य आहे, हे विचित्र आहे. इथे कुणाच्या मनाचा प्रश्न नाही, गोष्टच तशी आहे. म्हणून इंग्रजीत ‘इट’. हा ‘इट’ कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवत नाही. खरा विषय ‘दॅट’नंतरच्या वाक्यात असतो आणि ‘इट’ त्याची पुढची जागा धरून बसतो. आपल्या ‘हे स्पष्ट आहे की...’मधला ‘हे’ अगदी तेच काम करतो, त्यामुळे हा भाग मराठी मुलांना लवकर जमतो.

माणसाबरोबर चालणारी नेहमीची विशेषणं: शुअर, ग्लॅड, हॅपी, सॉरी, अफ्रेड, प्राउड, अवेअर, कॉन्फिडंट, ग्रेटफुल, वरीड, डिसअपॉइंटेड. ‘इट’बरोबर चालणारी: क्लिअर, ऑब्व्हिअस, ट्रू, पॉसिबल, लाइकली, स्ट्रेंज, इम्पॉर्टंट, इसेन्शल. याद्या पाठ करत बसू नका. मराठी वाक्य मनात म्हणा आणि ‘मला’ आहे की ‘हे’ आहे ते बघा.

मात्र ‘मला’ची खूण तीन-चार ठिकाणी फसवते. ‘मला हे स्पष्ट आहे’ म्हणायचं असेल तर ‘आय ॲम क्लिअर’पेक्षा ‘इट इज क्लिअर टू मी दॅट’ बरं. ‘मला महत्त्वाचं वाटतं’चं ‘आय ॲम इम्पॉर्टंट दॅट’ केलंत तर स्वतःलाच मोठं म्हटल्यासारखं होईल. तिथे ‘इट इज इम्पॉर्टंट टू मी दॅट’. आणि ‘मला माहीत आहे’ला विशेषणच नको, ‘आय नो दॅट’ म्हणून मोकळे व्हा.

‘इट इज शुअर दॅट’ चालतं का?

नाही. ‘इट इज सर्टन दॅट’ म्हणा. ‘सर्टन’ माणसाबरोबरही चालतं आणि ‘इट’बरोबरही, ‘शुअर’ मात्र माणसाबरोबरच. कारण विचारू नका. वापराने तसं ठरलंय.

‘ही इज शुअर टू विन’ आणि ‘ही इज शुअर दॅट ही विल विन’ यांत फरक काय?

खात्री कुणाची, हा फरक. पहिल्या वाक्यात खात्री बोलणाऱ्याची: तो नक्की जिंकणार, असं मी म्हणतोय. त्या बिचाऱ्याला स्वतःला अजिबात भरवसा नसला तरी हे वाक्य खरं असू शकतं. दुसऱ्यात खात्री त्याची: त्याला वाटतंय की आपण जिंकू. बाकीच्या गावाला तसं वाटत असेलच असं नाही. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही वाक्यांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

मराठीत पहिल्यासाठी ‘नक्की’ हे क्रियाविशेषण येतं, दुसऱ्यासाठी ‘त्याला खात्री’. शब्दच वेगळे असल्याने आपला गोंधळ होत नाही. इंग्रजी मात्र एकाच विशेषणावर दोन्ही कामं भागवते आणि अर्थ पुढच्या ‘टू’वर किंवा ‘दॅट’वर सोडते. ‘सर्टन’चंही असंच.

‘लाइकली’चं काय? मी ‘ही इज लाइकली दॅट ही विल कम’ लिहिलं, त्यावर लाल रेघ आली.

रेघ बरोबर आहे. ‘इट इज लाइकली दॅट ही विल कम’ किंवा ‘ही इज लाइकली टू कम’. माणूस पुढे आणला की ‘टू’, ‘इट’ ठेवला की ‘दॅट’. दोन्हींची सरमिसळ नको. ‘पॉसिबल’ला तर माणूस चालतच नाही. ‘आय ॲम पॉसिबल टू कम’ हे ‘मला यायला शक्य आहे’चं पोर आहे. ‘इट इज पॉसिबल दॅट आय विल कम’ म्हणा, नाहीतर सरळ ‘आय मे कम’.

‘प्राउड ऑफ’, ‘अवेअर ऑफ’, ‘वरीड अबाउट’ असं शिकलो होतो. मग ‘दॅट’च्या आधी ‘ऑफ’ का काढायचा?

कारण इंग्रजीत ‘ऑफ’, ‘अबाउट’, ‘ॲट’ यांच्यासारख्या शब्दांना पुढे नाम लागतं. ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य त्यांना थेट जोडता येत नाही. ‘शी इज प्राउड ऑफ हर डॉटर’ बरोबर. ‘शी इज प्राउड दॅट हर डॉटर गॉट द जॉब’ हेही बरोबर. ‘शी इज प्राउड ऑफ दॅट हर डॉटर गॉट द जॉब’ मात्र चूक.

आपल्याला तो ‘ऑफ’ सोडवत नाही, कारण मराठीत ‘मुलीला नोकरी लागल्याचा अभिमान’ किंवा ‘लागल्याबद्दल आनंद’ यांतले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं कधी सुटत नाहीत. ते ‘चा’ आणि ‘बद्दल’ इंग्रजीतही हवेसे वाटतात. ‘दॅट’ आलं की ते गळतात एवढं पक्कं धरा. ‘अवेअर ऑफ द डिले’, पण ‘अवेअर दॅट देअर इज अ डिले’. ‘सॉरी अबाउट द मिस्टेक’, पण ‘सॉरी दॅट वी मेड अ मिस्टेक’. ‘सरप्राइज्ड ॲट द प्राइस’, पण ‘सरप्राइज्ड दॅट द प्राइस वॉज सो लो’. लासलगावच्या लिलावानंतर ऐकू येणारं वाक्य हे शेवटचंच.

‘ऑफ’ ठेवायचाच असेल तर मध्ये ‘द फॅक्ट’ घालतात: ‘अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट’. चूक नाही, पण सरकारी पत्रासारखं जड होतं. जिथे ‘अवेअर दॅट’ पुरतं तिथे मी ते खोडतो.

एक तिढा राहतो. ‘आय ॲम प्राउड ऑफ दॅट’ हे वाक्य बरोबर आहे. पण तिथला ‘दॅट’ म्हणजे ‘ते’, म्हणजे सर्वनाम. वाक्य तिथेच संपतं, पुढे काही जोडायचं नसतं.

‘दॅट’ गाळलं तर चालतं का?

बोलताना सर्रास. ‘आय ॲम ग्लॅड यू केम’, ‘आय ॲम शुअर ही नोज’, ‘सॉरी आय ॲम लेट’. आपणही ‘बरं झालं तू आलास’ म्हणतो, त्यात ना ‘की’ आहे ना ‘हे’. शुअर, ग्लॅड, सॉरी, अफ्रेड ही रोजची छोटी विशेषणं ‘दॅट’वाचून छान चालतात.

लेखी आणि औपचारिक मजकुरात मात्र ठेवलेलं बरं. विशेषण आणि पुढचं वाक्य यांच्यामध्ये आणखी काही शब्द आले असतील, किंवा विशेषण भारदस्त असेल, तर ‘दॅट’ गेल्यावर वाचणारा ठेचकाळतो. ‘इट इज इसेन्शल’नंतर तर ते ठेवाच. शंका असेल तेव्हा ठेवा. ‘दॅट’ जास्त आलं म्हणून कुणी नापास होत नाही.

‘इट इज इसेन्शल दॅट एव्हरी बॉक्स बी लेबल्ड’ असं एका खरेदीदाराच्या मेलमध्ये आलं. ‘बी’ का? ‘इज’ नको का?

द्राक्षाच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो. तो ‘बी’ टायपिंगची चूक नाही. काही विशेषणं मागणी करतात, काय व्हायला हवं ते सांगतात: इसेन्शल, व्हायटल, नेसेसरी, इम्पॉर्टंट, इम्परेटिव्ह. त्यांच्या पुढच्या ‘दॅट’ वाक्यात क्रियापद मूळ रूपात ठेवायची पद्धत आहे. ‘इज’, ‘आर’चं ‘बी’ होतं आणि ‘ही साइन्स’चा ‘एस’ जाऊन ‘ही साइन’ उरतं. याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. अमेरिकन इंग्रजीत हे अगदी रुळलेलं आहे. ब्रिटिश लोक त्याच जागी ‘शुड’ घालतात: ‘इट इज इसेन्शल दॅट एव्हरी बॉक्स शुड बी लेबल्ड’. साधं ‘इज लेबल्ड’ही ब्रिटनमध्ये ऐकू येतं.

आपल्या कानाला यातलं जवळचं कुठलं? मराठीत मागणीचं वाक्य आलं की क्रियापद लगेच रूप बदलतं. ‘प्रत्येक पेटीवर लेबल आहे’ आणि ‘प्रत्येक पेटीवर लेबल असावं’. तो ‘असावं’ म्हणजेच इथला ‘बी’. एकदा हे लक्षात आलं की मुलांना ‘बी’ विचित्र वाटेनासा होतो, उलट ‘इज’च अपुरा वाटायला लागतो.

अर्थाचा फरकही पडू शकतो. ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट शी लिव्ह्ज निअर द हॉस्पिटल’ म्हणजे ती तिथे राहतेच आहे आणि ही बाब महत्त्वाची आहे. ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट शी लिव्ह निअर द हॉस्पिटल’ म्हणजे तिने तिथे राहायला हवं, आज राहत असेल किंवा नसेल. एका ‘एस’वर एवढं अवलंबून आहे.

नकार करताना ‘नॉट’ क्रियापदाच्या आधी येतो: ‘इट इज व्हायटल दॅट द कंटेनर नॉट बी ओपन्ड’. ‘डझ नॉट’, ‘इज नॉट’ची गरज नाही. ज्याला हे अवघड वाटतं त्याने बिनधास्त ‘शुड नॉट बी’ लिहावं. कुणी हरकत घेणार नाही.

‘इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड से सो’ यातही ‘शुड’ आहे. हाही तोच का?

दिसायला तोच, काम वेगळं. इथे मागणी नाही, नवल आहे: त्याने असं म्हणावं, म्हणजे कमालच झाली! मराठीतलं ‘म्हणावं’ पुन्हा जसंच्या तसं बसतं. ‘शुड’ काढून ‘दॅट ही सेज सो’ म्हटलं तरी चालतं, फक्त भुवया थोड्या कमी उंचावतात.

‘सरप्राइज्ड’ की ‘सरप्राइजिंग’?

ज्याला आश्चर्य वाटलं तो ‘सरप्राइज्ड’, जी गोष्ट तसं वाटायला लावते ती ‘सरप्राइजिंग’. बाहेरगावचा पाहुणा म्हणेल, ‘आय वॉज सरप्राइज्ड दॅट नाशिक प्लेज विथ कलर ऑन रंगपंचमी’. त्यालाच तटस्थपणे सांगायचं तर ‘इट इज सरप्राइजिंग दॅट...’. ‘आय ॲम सरप्राइजिंग’ म्हटलंत तर तुम्ही स्वतःच नवलाची वस्तू झालात. डिसअपॉइंटेड आणि डिसअपॉइंटिंगचंही हेच.

मराठीत आपण ‘पाऊस येणार हे उघड आहे’ असं गोष्ट आधी सांगून म्हणतो. इंग्रजीत तसं करता येतं?

येतं. ‘दॅट इट विल रेन इज ऑब्व्हिअस.’ व्याकरणात खोट नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला सुरुवातीलाच ‘दॅट’ आणि त्यामागे लांबलचक वाक्य आलं की शेवटचं विशेषण येईपर्यंत श्वास धरावा लागतो. इंग्रजी जड सामान मागच्या डब्यात ठेवते, म्हणून ‘इट इज ऑब्व्हिअस दॅट इट विल रेन’. आपल्या कानाला नैसर्गिक वाटणारा क्रम तिथे निबंधात, भाषणात, एखादी गोष्ट ठासून सांगताना शोभतो. रोजच्या मेलमध्ये नाही.

‘मला खात्री होती की तो येईल’ याचं ‘आय वॉज शुअर दॅट ही विल कम’ का होत नाही?

इंग्रजीत मागचं ‘वॉज’ पुढच्या वाक्यालाही भूतकाळात ओढतं: ‘आय वॉज शुअर दॅट ही वुड कम’. मराठीत ‘की’नंतर आपण त्या वेळच्या मनात शिरतो आणि तेव्हा जसं वाटलं तसंच सांगतो: येईल, आहे, चाललाय. ‘मला माहीत नव्हतं तू नाशिकमध्ये आहेस’ हे आपल्याला अजिबात खटकत नाही. इंग्रजीत ते ‘आय वॉज नॉट अवेअर दॅट यू वेअर इन नाशिक’ होतं, समोरचा अजून नाशिकमध्येच उभा असला तरी. जी गोष्ट आजही खरी आहे तिथे वर्तमानकाळ ठेवायची मुभा असते, पण सवय लागेपर्यंत भूतकाळच धरा. परीक्षेत इथे सगळ्यांत जास्त गुण जातात, आणि मुलं दोष मात्र शब्दसंग्रहाला देतात.

‘नॉट शुअर दॅट’ की ‘नॉट शुअर व्हेदर’?

खरोखरच माहीत नसेल तर ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळ एकच विचारणा असते: पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला? लांबून अंदाज येत नसेल तर ‘आय ॲम नॉट शुअर व्हेदर द वॉटर हॅज रीच्ड हिज वेस्ट’. कुणी ‘छातीला लागलं’ असं ठासून सांगतोय आणि तुम्हाला ते पटत नाही, तर ‘आय ॲम नॉट शुअर दॅट इट हॅज रीच्ड हिज चेस्ट’. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात नम्र नकार. ‘डाउटफुल’लाही दोन्ही चालतात, फरक साधारण हाच.

‘आय ॲम अफ्रेड’ म्हटलं की समोरच्याला मी घाबरलो असं वाटेल ना?

नाही वाटणार. ‘आय ॲम अफ्रेड दॅट द शिपमेंट हॅज बीन डिलेड’ यात भीती कुठेच नाही. ‘सांगायला वाईट वाटतं, पण’ एवढाच त्याचा भार. वाईट बातमी देण्याची ही सभ्य रीत आहे आणि ती वापरत चला. आपल्याकडून जाणारे मेल फार कोरडे असतात. खरी भीती सांगायची असेल तर संदर्भच ती सांगतो: ‘शी वॉज अफ्रेड दॅट द डॉग वुड बाइट’.

याच्या उलट आनंदाची बातमी ‘वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू दॅट’ने देतात. तिथला ‘दॅट’ मात्र ‘प्लीज्ड’चा नाही, ‘इन्फॉर्म’चा. म्हणून ‘इन्फॉर्म यू’मधला ‘यू’ विसरलात की वाक्य लंगडं होतं.

कुठल्या विशेषणांना ‘दॅट’ अजिबात चालत नाही?

ईझी, डिफिकल्ट, एबल, रेडी, केपेबल, फॉन्ड, बिझी. यांना ‘टू’ किंवा आपापलं अव्यय लागतं. ‘इट इज डिफिकल्ट दॅट आय कम’ नको, ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम’. सोपं किंवा अवघड असतं ते काम. घडलेल्या गोष्टीला आपण मराठीतही तसं म्हणत नाही. ‘अवघड आहे की मी येतो’ असं कोण बोलतं?

बारावीच्या ‘रिमूव्ह टू’ (‘फार’ या अर्थाचा ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा) या प्रश्नातलं ‘सो... दॅट’ हे यातलंच का?

नाही. ‘द मिसळ वॉज सो स्पायसी दॅट आय कुड नॉट फिनिश इट’ यात ‘दॅट’ हे ‘सो’ला बांधलेलं आहे, ‘स्पायसी’ला नाही. ‘सो’ काढा आणि ‘द मिसळ वॉज स्पायसी दॅट’ म्हणून बघा, लगेच कळेल. ते परिणाम सांगणारं वाक्य, म्हणजे क्रियाविशेषणवाक्य.

आणि ‘द ग्रेप्स दॅट वी सेंट’ मधलं?

ते विशेषणवाक्य, वर राहिलं होतं ते. तिथे ‘दॅट’ म्हणजे ‘जी’: जी द्राक्षं आपण पाठवली ती. ओळखायची खूण सोपी आहे. ‘दॅट’ झाकल्यावर उरलेलं ‘वी सेंट’ अर्धवट वाटतं. काय पाठवलं? आपल्या रचनेत ‘दॅट’नंतरचं वाक्य कधीच अर्धवट नसतं.

‘आय ॲम अग्री दॅट’ का चूक?

‘अग्री’ विशेषणच नाही, क्रियापद आहे. ‘आय अग्री दॅट.’ ‘आय ॲम होप दॅट’ आणि ‘आय ॲम डाउट दॅट’ यांचंही तेच. ‘ॲम’ हवाच असेल तर ‘होपफुल’, ‘डाउटफुल’ घ्या.

‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का?

नाही. मराठीत ‘की’च्या आधी काही जण देतात, काही देत नाहीत. इंग्रजीत या रचनेत विशेषण आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये स्वल्पविराम येत नाही, वाक्य कितीही लांब असलं तरी.